प्लेटलेट नऊ लाख, मग गुठळीचा धोका किती?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

गेल्या अंकात बोन मॅरोच्या, म्हणजे रक्तपेशी बनवणाऱ्या हाडातल्या मगजाच्या, जुनाट विकारांवर लेख आला होता. त्यानंतर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. बहुतेकांच्या मनात एकच धास्ती आहे: पेशी वाढल्यात, मग गुठळी होणार का, आणि ते आधी कळते का? त्यातली सात पत्रे इथे घेतली आहेत. तो अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो की पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात मुख्यतः तांबड्या पेशी वाढतात आणि इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमियात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, वाढतात. दोन्ही आजार संथ आहेत, वर्षानुवर्षे सोबत राहतात. दोन्हींत माणसाला अचानक आडवे करते ती रक्ताची गुठळी. उत्तरे रक्तविकारांवर उपचार करणाऱ्या आमच्या गटाची आहेत. ती वाचून डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारा, पण गोळ्या मनाने सुरू किंवा बंद करू नका.

माझ्या पत्नीचे वय 44. प्लेटलेट 9 लाख 20 हजार. तिला डॉक्टरांनी फक्त वर्षातून दोनतीनदा तपासणीला यायला सांगितले. ओपीडीत एक काका भेटले, वय 66, त्यांच्या प्लेटलेट 6 लाखच, तरी त्यांना पेशी कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल सुरू आहेत. आमच्याकडे दुर्लक्ष तर होत नाही ना? — एक वाचक, जुळे सोलापूर

दुर्लक्ष होत नाही. तुम्ही दिलेल्या माहितीवरून दोन्ही निर्णय बरोबर वाटतात. हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जास्त प्लेटलेट म्हणजे जास्त गुठळ्या, असे सरळ गणित या आजारात नाही. गुठळीचा धोका ठरवताना डॉक्टर तीन गोष्टी पाहतात. पहिली, पूर्वी कधी गुठळी झाली आहे का: पायात, मेंदूत, हृदयात, पोटातल्या शिरेत, कुठेही. दुसरी, वय 60 च्या पुढे आहे का. तिसरी, जॅक-2 या जनुकात बदल आहे का. हा बदल 2005 साली सापडला. पॉलिसायथेमिया व्हेराच्या जवळजवळ सर्व रुग्णांत तो असतो, इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमियाच्या साधारण निम्म्या किंवा थोड्या अधिक रुग्णांत. थ्रॉम्बोसायथेमियाच्या उरलेल्या बऱ्याच रुग्णांत सीएएलआर नावाच्या जनुकात बदल असतो. त्यांच्या प्लेटलेट पुष्कळदा अधिक वाढतात, पण गुठळ्या तुलनेने कमी होतात. तुमच्या पत्नीच्या फाइलमध्ये हा रिपोर्ट असणारच. त्यावर जॅक-2 निगेटिव्ह आणि सीएएलआर पॉझिटिव्ह असेल तर सगळा उलगडा तिथेच होतो.

या तिन्हींवरून चार गट पडतात. वय 60 किंवा कमी, पूर्वी गुठळी नाही, जॅक-2 निगेटिव्ह: धोका अगदी कमी. तेच सगळे, पण जॅक-2 पॉझिटिव्ह: कमी. वय 60 च्या पुढे, गुठळी नाही, जॅक-2 निगेटिव्ह: मध्यम. पूर्वी गुठळी झालेली असेल तर वय काहीही असो, धोका जास्त. आणि 60 च्या पुढचे वय व जॅक-2 पॉझिटिव्ह एकत्र आले तरीही जास्त. ओपीडीतले काका बहुधा या शेवटच्या गटातले असावेत. त्यांच्या 6 लाख प्लेटलेट तुमच्या पत्नीच्या 9 लाखांपेक्षा अधिक घातक आहेत, कारण जॅक-2 बदलामुळे प्लेटलेटच नव्हे तर पांढऱ्या पेशीही सतत चेतलेल्या असतात. त्या एकमेकींना आणि शिरेच्या आतल्या अस्तराला चिकटतात. आपण मोजतो ती पेशींची संख्या, पण गुठळी होते ती त्यांच्या वागण्यामुळे. म्हणूनच अशा रुग्णांत पांढऱ्या पेशी 11 हजारांच्या वर राहत असतील तर आम्ही त्याकडेही बारकाईने पाहतो.

यावर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांची भर पडते. कमी धोक्याच्या गटातला माणूस रोज बिड्या ओढत असेल आणि शुगर उपाशीपोटी 180 असेल, तर कागदावरचा गट त्याला वाचवणार नाही. अशांना ॲस्पिरिन लवकर सुरू करतात. याउलट अगदी कमी धोक्याच्या, सीएएलआर पॉझिटिव्ह रुग्णांत ॲस्पिरिनने फायदा फारसा होत नाही आणि रक्तस्राव मात्र वाढू शकतो. म्हणून काहींना नुसते देखरेखीवर ठेवतात. तुमच्या पत्नीच्या बाबतीत बहुधा तेच झाले आहे.

हा गट कायमचा नसतो. साठी ओलांडली, शुगर निघाली, एखादी गुठळी झाली, की हिशेब नव्याने मांडायचा. वर्षातून एकदा डॉक्टरांना थेट विचारा: "आता माझा गट कोणता?"

मला पॉलिसायथेमिया व्हेरा आहे. वय 57, अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमचे काम. रक्त घट्ट होऊ नये म्हणून चार वेळा रक्त काढले. आता हिमोग्लोबिन 13.8 आले, म्हणजे नॉर्मल. तरी डॉक्टर म्हणतात पुन्हा रक्त काढायचे. अशक्तपणा फार आहे, म्हणून ओळखीच्या मेडिकलवाल्याने लोहाच्या गोळ्या दिल्यात. घेऊ का? — एक वाचक, सोलापूर

गोळ्या घेऊ नका. सुरू केल्या असतील तर आजच डॉक्टरांना कळवा.

तुम्ही सोबत पाठवलेल्या रिपोर्टवर तांबड्या पेशी 69 लाख आणि एमसीव्ही 68 आहे. एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. ते साधारण 80 ते 100 असायला हवे. पेशींची संख्या आणि आकारमान यांचा गुणाकार केला की रक्ताच्या किती हिश्श्यात नुसत्या पेशी आहेत ते कळते. तुमचा तो आकडा 46.9 टक्के येतो. रिपोर्टवर तो पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट या नावाने छापलेला असतो. एरवी हिमोग्लोबिनला तीनने गुणले की पीसीव्हीच्या जवळपास आकडा मिळतो. तुमच्या बाबतीत 13.8 ची तिप्पट 41.4 होते, पण प्रत्यक्षात 47 च्या आसपास आहे. वारंवार रक्त काढल्याने लोह संपले आहे. पेशी लहान आणि फिकट झाल्या, पण संख्येने खूपच जास्त आहेत. हिमोग्लोबिन नॉर्मल दिसते आणि रक्त घट्टच राहते, ते असे. पॉलिसायथेमियात हिमोग्लोबिनवर विसंबू नका, पीसीव्ही पाहा.

पीसीव्ही 45 च्या खाली ठेवायचा, हा आकडा अंदाजपंचे आलेला नाही. 2013 साली इटलीतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 365 रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाचा पीसीव्ही 45 च्या खाली ठेवला, दुसऱ्याचा 45 ते 50 मध्ये. पहिल्या गटातल्या 182 जणांपैकी 5 जणांना मोठी गुठळी झाली किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू आला. दुसऱ्या गटात 183 पैकी 18 जणांच्या बाबतीत तसे घडले. जवळजवळ चौपट फरक आहे. 45 आणि 47 मध्ये काय मोठेसे, असे वाटते खरे. पण पीसीव्ही वाढतो तशी रक्ताची दाटी नुसती थोडीथोडी वाढत नाही, वरच्या टोकाला ती झपाट्याने चढते. शिवाय शिरेच्या मधल्या भागात तांबड्या पेशींची गर्दी झाली की प्लेटलेट कडेला, अस्तराजवळ ढकलल्या जातात आणि गुठळीची सुरुवात तिथेच होते.

लोहाच्या गोळ्यांनी नेमके काय बिघडते? एका वेळी 450 मिली रक्त काढले की शरीरातून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह निघून जाते. ही लोहाची कमतरता आपल्याला हवीच असते, कारण तिच्यामुळे मॅरोला नव्या पेशी बनवायला कच्चा माल मिळत नाही. गोळ्या घेतल्या की तोच माल मिळतो आणि दोनतीन आठवड्यांत पीसीव्ही 50 च्या पुढे गेलेला दिसतो. अशक्तपणा खरा आहे, तो नाकारत नाही. तो फारच वाढला तर रक्त काढणे कमी करून हायड्रॉक्सियुरियासारखे औषध सुरू करता येते. तो निर्णय पीसीव्हीवर लक्ष ठेवून डॉक्टरांनीच घ्यायचा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचेही पाहायला हवे. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि लूमच्या शेडमध्ये, वर पत्रे असतील तर, उकाडा त्याहून जास्त. घाम गेला आणि पाणी कमी पडले की रक्तातले पाणी घटते आणि पीसीव्ही दोन-तीन अंकांनी फुगतो. दिवसभर काम करून संध्याकाळी दिलेला नमुना त्यामुळे फसवतो. रक्त सकाळी द्या, आदल्या दिवशी नीट पाणी पिऊन द्या, आणि शक्यतो दर वेळी त्याच लॅबमध्ये द्या. पण उन्हाळ्यातला वाढलेला आकडा "पाण्यामुळे असेल" म्हणून सोडूनही देऊ नका. पाणी कमी पडून घट्ट झालेल्या रक्तातही गुठळी होतेच.

रक्त काढताना एका वेळी साधारण 350 ते 450 मिली काढतात. वय जास्त असेल किंवा हृदय कमजोर असेल तर 250 मिलीच. काढायच्या आधी पोटभर नाश्ता आणि दोन ग्लास पाणी घ्या, नंतर पंधरावीस मिनिटे आडवे राहा. त्या दिवशी लूमवर उभे राहू नका आणि मोटरसायकल चालवत घरी जाऊ नका. चक्कर येऊन पडण्याचे प्रकार याच वेळी होतात.

ॲस्पिरिनबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत 518 पॉलिसायथेमियाच्या रुग्णांपैकी निम्म्यांना रोज 100 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले, तेव्हा हृदयविकार, पक्षाघात आणि मोठ्या गुठळ्या स्पष्ट कमी झाल्या. आपल्याकडे 75 मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते. अल्सर किंवा रक्तस्रावाचा इतिहास नसेल तर ती बहुतेकांना देतात. अंगदुखीसाठी तुम्ही आयबुप्रोफेनची गोळी घेत असाल तर तसे सांगा. ती आधी पोटात गेली तर ॲस्पिरिनला प्लेटलेटवर काम करू देत नाही.

मी विड्या वळते, वय 51. प्लेटलेटचा आजार आहे. तळपाय आगीसारखे जळतात, लाल होतात, गार फरशीवर ठेवले की बरे वाटते. गेल्या आठवड्यात डावी पोटरीही सुजली. सूनबाई तेल लावून चोळते. ही गुठळी असेल का? — एक भगिनी, विडी घरकुल

ताई, आधी चोळणे थांबवा. पोटरीच्या शिरेत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

तुम्हाला एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी होत असाव्यात. तळपायांची आग आणि लाली ही या आजाराची ओळखीची खूण आहे. बारीक रक्तवाहिन्यांत प्लेटलेट साचल्यामुळे ती होते. गारव्याने बरे वाटते, उष्णतेने आणि उभे राहिल्याने वाढते, आणि लहान डोसच्या ॲस्पिरिनने पुष्कळदा लवकर उतरते. ती तळपायांना किंवा बोटांना होते. एकाच पायाची पोटरी सुजणे हे त्यात बसत नाही.

घरी एक मोजमाप करता येते. शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून 10 सेंटिमीटर खाली पेनाने खूण करा. दोन्ही पायांवर तशीच. त्या जागी टेप गोल फिरवून घेर मोजा, पाय सैल ठेवून, टेप न आवळता. दुखऱ्या पायाचा घेर दुसऱ्यापेक्षा 3 सेंटिमीटरहून जास्त भरला तर शिरेतल्या गुठळीची शंका पक्की धरायची आणि त्याच दिवशी पायाची कलर डॉपलर सोनोग्राफी करायची. फरक कमी भरला म्हणून निश्चिंतही राहू नका. दुखत असेल, पाय गरम लागत असेल तरी डॉपलर करा. डी-डायमर नावाची रक्ततपासणी काही ठिकाणी आधी करतात, पण या आजारात गुठळी नसतानाही ती वाढलेली येऊ शकते. खरे उत्तर डॉपलर देते.

श्वास अचानक लागला, छातीत श्वास घेताना टोचले किंवा थुंकीत रक्त आले तर डॉपलरची वाट पाहू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

विड्या वळताना तासन्‌तास मांडी घालून बसणे होते. त्याने पोटरीतले रक्त साचते. आजार असलेल्या बाईला हे दुप्पट नडते. दर तासाला उठून अंगणात पाचदहा मिनिटे चाला. मधे बसल्याबसल्या पाय लांब करून घोटे वरखाली हलवा. आणि मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर ती सोडणे हे तुमच्यासाठी औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. पानतंबाखूच्या धुळीत दिवस जातो म्हणून सवय सुटत नाही, हे आम्हाला कळते. डॉक्टरांना सांगा, ती सोडवायलाही औषधे आहेत.

वय 29, प्लेटलेट 7 लाख, सीएएलआर पॉझिटिव्ह. एकदा गर्भपात झाला. पुन्हा बाळ हवे आहे. शिवाय पुढच्या महिन्यात दिराचे लग्न आहे आणि घरचे पाळी पुढे ढकलायची गोळी घे म्हणतात. चालेल का? — एक भगिनी, होटगी रोड

आधी गोळीचे. पाळी पुढे ढकलायला बहुधा नॉरएथिस्टेरॉन दिवसातून दोनतीनदा घेतात. या मात्रेत तिचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजेन गुठळीचा धोका वाढवते. निरोगी मुलीला चार दिवसांसाठी ती बहुतेकदा चालून जाते, तुम्हाला तसे गृहीत धरून चालणार नाही. मेडिकलमधून स्वतः आणून घेऊ नका. आमचे मत विचाराल तर लग्नकार्यात पाळी आली तर येऊ द्या. घरच्यांना हे पत्र वाचायला दिले तरी चालेल. गर्भनिरोधाच्या इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्याही तुमच्यासाठी नाहीत. पाळीत अंगावरून फार जात असेल तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडही विचारल्याशिवाय नको, कारण ते गुठळी विरघळू देत नाही.

आता बाळाचे. या आजारात गर्भपाताचे प्रमाण सर्वसाधारण बायकांपेक्षा जास्त असते, तरी बहुसंख्य जणींची बाळंतपणे नीट होतात. दिवस राहायच्या आधीच रक्तविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांची एकत्र गाठ घ्या. हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर ते निदान तीन महिने आधी बंद करावे लागते. हा आजार नवऱ्याला असेल आणि तो ते औषध घेत असेल तरी नियम तोच. प्लेटलेट कमी करायचीच गरज पडली तर गरोदरपणात इंटरफेरॉन वापरता येते. बऱ्याच जणींना लहान डोसचे ॲस्पिरिन देतात. मधल्या महिन्यांत प्लेटलेट आपोआप खाली येतात, आणि बाळंतपणानंतर झपाट्याने वर जातात. धोका सर्वांत जास्त असतो तो बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत. म्हणून त्या काळात पोटाच्या कातडीखाली घ्यायची, गुठळी रोखणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शने पुष्कळ जणींना द्यावी लागतात. बाळंतिणीने सव्वा महिना खोलीत पडून राहायचे, ही रीत मात्र तुमच्या बाबतीत धोक्याची आहे. दुसऱ्या दिवसापासून घरात चालायला लागा.

वडील 68 वर्षांचे, पॉलिसायथेमिया आहे. आषाढी एकादशीला निर्जळी उपास करतात आणि शेवटचे दोन मुक्काम पायी चालतात. चालू द्यावे का? — एक वाचक, पंढरपूर

चालणे चालू द्या, निर्जळी नको. पायी चालण्याने पोटरीतले रक्त खेळते राहते. पाणी न पिता दिवस काढला तर पीसीव्ही चढतो आणि 68 व्या वर्षी, जास्त धोक्याच्या गटात, तेवढे पुरेसे ठरू शकते. वारीच्या आठवडाभर आधी रक्त तपासा. पीसीव्ही 45 च्या वर असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. ॲस्पिरिनची गोळी उपासाच्या दिवशीही चुकवायची नाही, फक्त फराळानंतर घ्यावी. परतीला एसटीत बसून राहणे तीनचार तासांचे असेल तर मधल्या थांब्यावर खाली उतरून चालावे.

भाऊ 34 वर्षांचा, दारू कधी घेतली नाही. पोट फुगले, सोनोग्राफीत यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी निघाली. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नॉर्मल. तरी डॉक्टरांनी जॅक-2 तपासायला सांगितले. पैसे उगाच जाताहेत का? — एक वाचक, बार्शी

उगाच नाही. ही तपासणी करायला सांगणारे डॉक्टर जाणकार आहेत.

पोटातल्या शिरांच्या गुठळ्या, म्हणजे यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतली आणि यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांतली, ही तरुण माणसात कारणाशिवाय होत नाहीत. दुसऱ्या प्रकाराला बड-कियारी म्हणतात. त्या रुग्णांपैकी सुमारे 40 टक्क्यांत मुळाशी रक्तपेशी वाढण्याचाच आजार निघतो. पोर्टल शिरेच्या गुठळीत प्रमाण त्याहून कमी आहे, तरी दुर्लक्ष करण्याजोगे नाही. सीबीसी नॉर्मल कसा? गुठळीमुळे प्लीहा मोठी होते आणि वाढलेल्या पेशी तिथे अडकून पडतात. त्यात रक्तातले पाणीही वाढलेले असते, म्हणून आकडे खाली दिसतात. आजार असतो, पण आकड्यांत दिसत नाही. सोनोग्राफीत प्लीहा मोठी आणि तरी प्लेटलेट अडीच-तीन लाख, हे चित्र दिसले तर आम्हाला शंका येतेच. एवढ्या मोठ्या प्लीहेत प्लेटलेट खरे तर कमी व्हायला हव्यात.

तपासणीला जांभळ्या टोपणाच्या नळीतले दोनचार मिली रक्त पुरते. उपाशी राहायची गरज नाही, या टप्प्यावर मॅरोही काढावा लागत नाही. रिपोर्टवर टक्केवारी येते, ती जपून ठेवा. पॉझिटिव्ह आले तर रक्त पातळ ठेवणारे औषध बहुधा आयुष्यभर लागेल आणि त्याच्या जोडीला पेशी कमी करणारे औषध. रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू करण्याआधी अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी झालीच पाहिजे. त्या फुगलेल्या असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करायचा, नाहीतर औषधानेच रक्ताची उलटी होण्याची भीती. रक्त पातळ ठेवायला वॉर्फरिन दिले तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे मोजमाप, 2 ते 3 मध्ये ठेवायचा असतो. मेथी, शेपू, पालक बंद करायची गरज नाही, पण आठवड्यातले प्रमाण साधारण सारखे ठेवा. एका आठवड्यात रोज पालेभाजी आणि पुढच्यात अजिबात नाही, असे केले की आयएनआर खालीवर होतो.

वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले आहे. प्लेटलेट 14 लाख. सर्जन म्हणतात रक्तविकारतज्ज्ञांची चिठ्ठी आणा. आम्ही सांगोल्याला राहतो. काय काय विचारायचे? आणि एरवी रात्रीबेरात्री काय झाले तर सोलापूरला धाव घ्यायची? — एक वाचक, सांगोला

प्लेटलेट 10 लाखांच्या वर गेल्या की भीती उलट बाजूने येते. प्लेटलेटची एवढी गर्दी रक्तातल्या व्हॉन विलेब्रँड नावाच्या प्रथिनाचे मोठे तुकडे शोषून घेते. हे प्रथिन प्लेटलेटना जखमेच्या जागी चिकटवते. ते कमी पडले की 14 लाख प्लेटलेट असूनही जखम वाहत राहते. म्हणून पहिली विचारणा: व्हॉन विलेब्रँडची कार्यक्षमता तपासायची का? ती 30 टक्क्यांच्या खाली आली तर ॲस्पिरिन थांबवतात. हर्निया अडकलेला नसेल, म्हणजे घाई नसेल, तर काही आठवडे हायड्रॉक्सियुरिया देऊन प्लेटलेट खाली आणून मगच ऑपरेशन करणे शहाणपणाचे. हे औषध सुरू झाल्यावर सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सीबीसी करावा लागतो. तोंड येणे आणि घोट्याजवळ न भरणारी जखम यांवर लक्ष ठेवा.

दुसरी विचारणा: ॲस्पिरिन कधी थांबवायचे आणि ऑपरेशननंतर कधी सुरू करायचे? तारखा चिठ्ठीवर लिहून घ्या. पुढे सुरू करायचे राहून जाते आणि महिन्याने रुग्ण पक्षाघात घेऊन येतो, असे घडते. तिसरी: ऑपरेशननंतर हेपॅरिनची इंजेक्शने किती दिवस? चौथी: भूल उतरल्यावर किती तासांत उठवून चालवायचे? लवकर चालणे हा गुठळी टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. "दुखतंय, राहू दे" म्हणून नातेवाईकच त्यांना झोपवून ठेवतात, ते करू नका.

रात्रीबेरात्रीचे असे. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, एका डोळ्याने अचानक दिसेना, तर 108 लावा. फोन करतानाच घड्याळ पाहून वेळ लिहा: माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता? मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही सीटी स्कॅन झाल्यावर. म्हणून वाटेतल्या ज्या हॉस्पिटलमध्ये सीटी आणि हे इंजेक्शन दोन्ही आहे तिथे जा. कोणत्या हॉस्पिटलात ही सोय आहे ते आजच विचारून ठेवा. घरी ॲस्पिरिन जास्तीचे देऊ नका. झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे सीटीशिवाय कळत नाही, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत दोन्ही शक्य आहे. छातीत कळ, अचानक लागलेला दम, पोटात न थांबणारी कळ, काळी पातळ शौच, यांसाठीही सकाळची वाट पाहायची नाही.

वडिलांच्या खिशात एक चिठ्ठी असू द्या: आजाराचे नाव, जॅक-2 किंवा सीएएलआर काय ते, पूर्वी गुठळी झाली असल्यास कुठे आणि कधी, सुरू असलेली औषधे व डोस, आणि शेवटच्या सीबीसीतले तीन आकडे तारखेसह: पीसीव्ही, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. दर तपासणीनंतर ती नव्याने लिहा आणि तिचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.